उशिरा येणारं तिखट

तिखट ही मुळी चवच नाही, हे काका भेटेल त्याला ऐकवत. गोड, आंबट, खारट, कडू ओळखणाऱ्या जागा जिभेवर आहेत. तिखटाला तशी जागा नाही. मिरचीतलं द्रव्य जाऊन बसतं ते उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर, आणि मेंदूकडे निरोप जातो की तोंड भाजलं. प्रत्यक्षात काहीच भाजलेलं नसतं. "म्हणजे निव्वळ अफवा," काका म्हणत, "पण भल्याभल्यांच्या डोळ्यांतून पाणी काढते." एवढ्यावर समोरचा हसला की काका त्याला गच्चीवर नेत, आणि एकदा माणूस गच्चीवर गेला की त्याची लवकर सुटका नसे.

रंगाच्या कारखान्यात रंग जुळवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. गिऱ्हाईक पडद्याचा चतकोर तुकडा आणून देई आणि काका हुबेहूब त्याच छटेचा रंग डबाभर करून देत. मिरच्यांचा नाद तेव्हापासूनचा. निवृत्तीनंतर त्याला फक्त दिवसभराची मोकळीक मिळाली. अर्धी गच्ची कुंड्यांनी भरली. सुरकुतलेल्या, फुगीर, विंचवाच्या नांगीसारखं शेपूट असलेल्या, तांबड्या, पिवळ्या, चॉकलेटी. यातली एकही स्वयंपाकात घालायची नसे. एकदा त्या ओव्हनमध्ये वाळवत असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी राहिली आणि तिन्ही मजल्यांवरची माणसं खोकत खोकत जिन्यात येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून इमारतीत त्यांचं नाव ठसकेकाका पडलं, आणि काहीही दोष नसताना काकू ठसकेकाकू झाल्या.

जगातली सर्वांत तिखट मिरची करायची हौस काकांना नव्हती. ती हौस त्यांच्या मित्राला, निवृत्त पोस्टमास्तरांना होती. काकांना हवी होती उशिरा येणारी मिरची. म्हणजे तोंडात टाकल्यावर आधी फळ लागावं, नुसतं फळ, सुवासिक आणि गोडसर. खाणाऱ्याला वाटावं की काकांनी आपल्याला बनवलं. आणि त्याने तोंड उघडून तसं म्हणायला घ्यावं तेव्हा कुठे तिखटाने यावं. त्यासाठी त्यांनी एका बुटक्या, सुवासिक पिवळ्या मिरचीच्या फुलावर एका भयंकर तांबड्या मिरचीचा पराग ब्रशने लावला होता. त्या संकराची पुढची प्रजा भावंडं असूनही दहा तऱ्हेची निघाली. कुणाला सुवास होता पण तिखट लगेच चढे, कुणी उशीर करी पण चव गवतासारखी. त्यातलं एक निवडायचं, त्याच्या फुलांवर जाळीच्या पिशव्या बांधायच्या म्हणजे मधमाश्या परका पराग आणत नाहीत, त्याचंच बी धरायचं, पुढच्या हंगामात पुन्हा पेरायचं, पुन्हा निवडायचं. असे बरेच हंगाम गेले होते. पिशव्या काकूंनी जुन्या मच्छरदाणीतून शिवल्या होत्या. त्या म्हणायच्या, "लोकांच्या बायका नातवंडांची झबली शिवतात. मी मिरच्यांची शिवते."

निवडायचं काम मात्र काकांच्या हातात नव्हतं. रोज तिखट चाखणाऱ्याची जीभ बहिरी होते. मज्जातंतूंची टोकं त्या द्रव्याला सरावतात आणि निरोप पाठवणंच कमी करतात. काकांची जीभ कधीच कामातून गेली होती, पोस्टमास्तरांची तर त्याहून आधी. जीभ लागते ती कोरी. एरवी तिखटाला न शिवलेली आणि तरीही वेळ येईल तेव्हा न डगमगणारी. अशी जीभ घरात एकच होती. काकूंनी काकांच्या नादापायी बारा महिने बिनतिखटाचं जेवायचं पत्करलं होतं. लग्नाकार्यात, पाहुण्यांकडे, कुठेही त्या भाजीचा रस्सा बाजूला सारून जेवत. कुणी विचारलं तर म्हणत, "पोटाला चालत नाही." पोटाला सगळं चालत होतं.

हंगामात एकदा परीक्षा होई. काकू स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर बसत, मांडीवर हात ठेवत, डोळे मिटत. शेजारी दह्याची वाटी. काका फळाच्या टोकाकडून, जिथे तिखट सर्वांत कमी असतं तिथून, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून त्यांच्या जिभेवर ठेवत. काकूंनी आयुष्यभर बसस्थानकावर उद्घोषणा केल्या होत्या. गर्दी असो, गोंधळ असो, त्यांचा आवाज कधी घाईला आला नाही. त्याच आवाजात त्या सांगू लागत, "शेंड्यावर गोडसर. डाव्या कडेला किंचित चुरचूर. आता घसा. घशाची गाडी अगदी वेळेवर आहे. हे रोप काढून टाका." चेहऱ्यावर सुरकुती हलत नसे. नाकाच्या शेंड्यावर घामाचे बारीक थेंब येत, तेवढंच. काकांना बायकोच्या जिभेचा फार अभिमान होता. पोस्टमास्तरांना ते सांगत, "पोलादी आहे. तुझ्यासारखी पोस्टाच्या पाकिटाची नाही."

मग काकू विसरू लागल्या. आधी भांड्यांच्या जागा, मग आठवड्याचे वार, मग गॅस. मग एक दिवस जेवायच्या टेबलाशी त्यांनी एका गाडीची उद्घोषणा केली आणि काकांना विचारलं, "तुम्ही डेपोतले का?" काकांनी आधी समजावून पाहिलं, मग चिडून पाहिलं, आणि शेवटी ते डेपोतले झाले.

काही दिवस त्या काकांना ओळखत, बरेच दिवस ओळखत नसत. पण एक गोष्ट टिकून होती. काकूंचं तोंड फक्त काकांच्या हाताला उघडे. सकाळी सांभाळायला येणाऱ्या मावशी मायेच्या होत्या, त्यांच्या हाताला काकू दात घट्ट मिटून घेत. परगावी राहणारी लेक आली की चमचा घेऊन तास तास बसे, काकू तिला म्हणत, "तुमचं होऊ द्या आधी." काकांनी मऊ भाताचा घास समोर धरला की मात्र त्या बघतही नसत, खिडकीबाहेर नजर ठेवून नुसता आ करत. लेकीने एका शुश्रूषागृहात चौकशी करून ठेवली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "तोंडाने जेवतायत आणि तुमच्या हातून जेवतायत, तोवर घरीच बऱ्या. ते थांबलं की आपण बोलू." लेकीने तो विषय तिथेच सोडला होता. काका दिवसातून तीनदा हात धूत, आधी तेलाने, कारण मिरचीचं द्रव्य पाण्याला दाद देत नाही, मग साबणाने, मग पुन्हा साबणाने, आणि घास भरवत. गच्चीवर ते हातमोज्यांशिवाय जातच नसत.

त्या हंगामात एका रोपावर त्यांची सगळी भिस्त होती. फळं नारिंगी, निमुळती, बोटाच्या पेराएवढी. कापलं की पिकल्या फळाचा वास दरवळे. काकांनी स्वतः चाखलं, काही कळलं नाही. पोस्टमास्तरांनी चाखलं आणि म्हणाले, "छान आहे." काका म्हणाले, "तुला खडूसुद्धा छान लागेल."

"मग वहिनींना विचार," पोस्टमास्तर म्हणाले.

"वहिनी मला डेपोचा साहेब समजतात. काल माझ्याकडे रजा मागितली."

"दिलीस?"

"दिली. भरपगारी."

पोस्टमास्तर हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, "ठसक्या, मी गंमत नाही करत. तिखट ही चव नाही म्हणून तूच गावभर सांगत फिरतोस. डोकं विसरेल, नस कशी विसरेल? तांदळाएवढा तुकडा. दही तयार ठेव. या बाईने आजवर शेकडो चाखल्या."

"नको रे."

"बघ बुवा. पुढच्या हंगामाला ती जीभ असेल-नसेल."

काका झारी भरायला उठले. पण ते वाक्य त्यांच्या मागे लागलं. कुंड्यांना पाणी घालताना ते स्वतःशी हिशेब मांडत. तुकडा टोकाकडचा घ्यायचा. पोटातल्या पांढऱ्या पडद्याला सुरी लावायची नाही, खरा जाळ तिथे असतो. दही दोन वाट्या. सगळं नीट केलं तर धोका कसला? आणि हिशेबाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी स्वतःलाही धड सांगितली नव्हती. मिरची जमली की नाही हे कळलं नसतं तरी त्यांचं चाललं असतं. त्यांना स्टुलावर बसलेली काकू पाहायची होती. तो आवाज ऐकायचा होता.

मावशी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. काकांनी स्टूल त्याच्या जुन्या जागी ठेवलं, ओट्यावर ताटली, सुरी आणि दह्याच्या वाट्या मांडल्या आणि काकूंना हाताला धरून आणलं. मग ते बाजूला झाले. काकूंनी स्टुलाकडे पाहिलं. दह्याकडे पाहिलं. कुणी काही न सांगता त्या स्टुलावर चढून बसल्या, मांडीवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

काकांनी हातमोजा चढवला.

"लक्षात आहे ना तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"द्या," काकू म्हणाल्या.

त्यांनी तुकडा कापला, नेहमीपेक्षा बारीक, आणि हातमोजा काढून स्वच्छ बोटांनी सुरीच्या टोकावरून उचलून काकूंच्या जिभेवर ठेवला. काकूंनी तोंड मिटलं. जीभ टाळूला लावली. हीच त्यांची रीत होती.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

"कशासारखं?"

"पेरूसारखं." मग थोडं थांबून, "नाही. पेरूच्या सालीसारखं." आवाज स्वच्छ, सावकाश, शब्द न् शब्द सुटा. "शेंड्यावर काही नाही. कडेला काही नाही. घसा मोकळा." काका ओट्याला धरून उभे होते. काकूंच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "गाडीला विलंब होत आहे," त्या म्हणाल्या, आणि एक डोळा किलकिला करून त्यांनी काकांकडे पाहिलं, सरळ, ओळखीचं. "अहो, जमलं की तुम्हाला."

'अहो' ऐकून कित्येक महिने झाले होते. काकांनी नुसती मान हलवली.

तिखट आलं ते ठरल्यासारखं आलं. आधी जिभेच्या मुळाशी, आणि मग एकदम सगळीकडे. काकूंनी दोन्ही डोळे उघडले. त्यांनी आधी गॅसकडे पाहिलं, तो बंद होता. मग खिडकीकडे, दाराकडे. काहीतरी पेटलंय आणि ते कुठे ते सापडत नाही, असं त्या सगळीकडे पाहत होत्या. ओठाला बोट लावलं आणि ते डोळ्यांसमोर धरून निरखलं. मग त्यांची नजर काकांवर आली आणि तिथेच राहिली.

"काय दिलंत?"

"मिरची. मिरची आहे ती. जाईल आत्ता. हे घे, दही घे पटकन."

काकांनी वाटी पुढे केली. त्याच हाताने. काकूंनी ती ढकलून दिली. फरशीवर दही पसरलं. काकांनी दुसरी वाटी उचलली, ओठाला लावली, काकूंनी दात आवळून मान फिरवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पाणी पुसायला त्यांची बोटं डोळ्यांकडे निघाली, तीच बोटं जी नुकतीच ओठांना लागली होती. काकांनी झडप घालून त्यांची दोन्ही मनगटं धरली. सोडली असती तर डोळ्यांत गेलं असतं, म्हणून घट्ट धरली.

"सोडा मला," काकू म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या. आवाज बारीक झाला होता, लहान मुलीचा व्हावा तसा. "मी काय केलं? मी काय केलं तुमचं?"

"काही नाही केलंस तू. काही नाही. थांबेल आत्ता, मी सांगतो ना."

"काय केलं मी?"

मावशी दारात आल्या तेव्हा हेच चाललं होतं. फरशीवर दही, काकू रडतायत, काकांनी त्यांना धरून ठेवलंय. मावशींनी औषधांची पिशवी खाली ठेवली. "काका, आधी सोडा त्यांना," त्या म्हणाल्या, आणि अशा स्वरात म्हणाल्या की काकांनी सोडलं. मावशींनी ओल्या रुमालाने काकूंची बोटं पुसली, फ्रिजमधलं दह्याचं भांडं काढलं, चमचा घेतला. कालपर्यंत मावशींच्या हातून पाणी न पिणाऱ्या काकूंनी तो चमचा धरून ओढला. एकामागून एक चमचे घेत त्यांनी सगळं दही संपवलं. मधूनमधून त्या मावशींच्या खांद्याआडून काकांकडे पाहत होत्या.

थोड्या वेळाने तिखट उतरलं. खरोखर काहीच भाजलं नव्हतं.

दुपारी काकू खिडकीशी बसल्या होत्या, शांत. त्यांना काहीही आठवत नव्हतं. मावशींनी तसं विचारूनही पाहिलं, "सकाळी काय झालं हो?" तर म्हणाल्या, "सकाळी पहिली गाडी वेळेवर सुटली." काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हात धुतले, तेलाने, साबणाने, पुन्हा साबणाने, भात कालवला आणि घास समोर धरला. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या. घास ओठांपाशी आला तसे त्यांचे ओठ मिटले.

"अगं, भात आहे."

ओठ आणखी घट्ट मिटले.

संध्याकाळी तेच झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. काकांना वाटलं, हाताला वास येत असेल. त्यांनी लिंबू चोळलं, राख चोळली. मग वाटलं, शर्ट ओळखला असेल. तो टाकून दिला. मग एका सकाळी न्हाव्याकडे जाऊन तरुणपणापासूनची मिशी काढून टाकली, आणि मावशी दार उघडून म्हणाल्या, "कोण पाहिजे?" काकांना तेवढ्यातही हसू आलं. तसेच ते काकूंसमोर जाऊन बसले. "नमस्कार. मी डेपोतून आलोय," ते म्हणाले, "जेवण पोचवायला सांगितलंय." काकूंनी चेहरा निरखला आणि अदबीने म्हणाल्या, "बसा ना." पहिला घास घेतला. दुसरा घेतला. काकांनी घाईघाईने पुढचा घास कालवला. तिसऱ्या घासाला काकूंची नजर खाली आली, काकांच्या उजव्या हातावर. कारखान्यात डब्याच्या झाकणाखाली सापडून अंगठ्याचं नख दुभंगलं होतं, ते तसंच वाढत राहिलं होतं. काकूंनी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंडातला घास हळूच ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

चेहरा त्यांना ओळखता येत नव्हता. हात त्यांनी ओळखला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, आणि ते काकांना जड गेलं. "घटना विसरतात," त्या म्हणाल्या, "भीती वेगळ्या ठिकाणी साठते. तिथपर्यंत हा आजार इतक्या लवकर पोचत नाही. कशाची भीती वाटते हे त्यांना सांगता येणार नाही. पण वाटेल."

"किती दिवस?"

"ते मला सांगता येणार नाही."

लेक आली ती सुट्टी काढूनच आली. मावशी सकाळी भरवत, पण दुपारनंतर त्यांना दुसरं घर होतं. संध्याकाळी काकू उपाशीच राहत होत्या आणि त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. लेकीने काकूंचा दंड चाचपून पाहिला. मग ती स्वयंपाकघरात येऊन काकांसमोर बसली.

"का दिलीत, बाबा?"

"तिला सोसायची," काका म्हणाले. "तुला ठाऊक आहे. तिच्या जिभेला काही व्हायचं नाही. मी टोकाकडचा तुकडा घेतला होता, नेहमीपेक्षा बारीक. त्यात फार नसतं."

"तिच्या जिभेला काही व्हायचं नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिसायचं ना. चेहरा हलायचा नाही तिचा."

लेकीने ओट्याकडे पाहिलं. "ती मोजायची," ती म्हणाली.

"काय मोजायची?"

"अंक. मनातल्या मनात. मला शिकवलं होतं तिने, लहानपणी गुडघा फुटला होता तेव्हा. म्हणाली, बाबांची मिरची चाखताना मी हेच करते. सुरुवातीला वाटतं जीव जातो, पण तीनशेच्या आसपास उतरायला लागते. तोवर मोजत राहायचं, आणि मध्ये तुझ्या बाबांना पाहिजे ते सांगत राहायचं. तुम्हाला कधी बोलली नाही?"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

"तुमचा हिरमोड झाला असता म्हणून नसेल बोलली." लेकीने डोळे पुसले, सरळ तळहाताने. "बाबा, तिला आता विसाच्या पुढे जाता येत नाही."

तिखट कशाने लागतं, कुठे लागतं, कोणत्या द्रव्याने लागतं, हे काकांनी उभ्या आयुष्यात शेकडो लोकांना समजावलं होतं. ते सोसणारं माणूस कशाच्या बळावर सोसतं, हे त्यांनी कुणालाच कधी विचारलं नव्हतं. काकूंची जीभ कुणाच्याही जिभेसारखीच होती. त्यांना एवढंच ठाऊक असे की हे थांबणार आहे. आणि त्या दिवशी स्टुलावर त्यांना तेही ठाऊक नव्हतं. आग आहे, ती कायमची आहे, आणि ती या माणसाच्या हातातून आली आहे. आधी गोड देऊन.

"तिथे विचारू का मी?" लेक म्हणाली. "जागा आहे का ते?"

काका म्हणाले, "विचार."

नेण्याच्या आदल्या दिवशी पोस्टमास्तर आले. जिना चढून धापा टाकत बसले. मिशी नसलेल्या मित्राकडे पाहून त्यांनी काही विनोद केला नाही. नुसतं म्हणाले, "मी बोलायला नको होतं ते."

"कापलं मी," काका म्हणाले. "तू कुठे होतास?"

"वहिनी काही म्हणाल्या का? म्हणजे, आधी?"

"म्हणाली. जमली म्हणाली."

पोस्टमास्तरांचे डोळे नकळत चमकले आणि त्याची त्यांना लगेच लाज वाटली. तरी राहवलं नाही. "खरंच उशिरा येते?"

"अगदी मला हवी तशी."

"मग त्यांचं नाव देऊ या तिला."

"नको," काका म्हणाले. "लोक खातील आणि तिच्या नावाने बोंब मारतील." ते उठले. "कुंडी घेऊन जा. फळंही ने. बी धर, वाट, काय करायचं ते कर. फक्त मला सांगायला येऊ नकोस."

दोघांनी मिळून ती कुंडी जिन्यातून खाली उतरवली. बाकीच्या कुंड्यांना काकांनी त्या दिवशी पाणी घातलं नाही, आणि नंतरही घातलं नाही.

शुश्रूषागृह चांगलं होतं. खोल्या हवेशीर, चादरी धुतलेल्या, बाग बेताची. काकूंच्या मजल्यावर एक हसऱ्या चेहऱ्याची परिचारिका होती, ती सगळ्यांना आजी-आजोबा म्हणे. पहिल्या दुपारी तिने काकूंसमोर बसून चमचा धरला आणि सहज म्हणाली, "आजी, गाडी सुटायच्या आधी खाऊन घ्या बरं." काकूंनी तोंड उघडलं. लेकीने काकांचा हात दाबला. काकांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ते उठून व्हरांड्यात गेले आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

लेक परत गेली. काका रोज दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात ते काकूंसमोरच्या खुर्चीत बसत. काकू घासाला तोंड उघडत, मग नजर समोर जाई आणि ओठ मिटत. परिचारिकेने दोन-तीन दिवस पाहिलं. मग ती ओशाळून म्हणाली, "आजोबा, रागावू नका हं. तुम्ही समोर असलात की त्या जेवत नाहीत."

"मी मागे बसतो," काका म्हणाले.

तेव्हापासून ते काकूंच्या खुर्चीमागे स्टूल घेऊन बसतात. तिथून त्यांना काकूंचे पांढरे केस दिसतात, मानेवरचा तीळ दिसतो, घास गिळताना हलणारा कानाखालचा भाग दिसतो. भात कोरडा झाला की ते परिचारिकेला बोटाने खूण करतात, ती त्यात दही घालते. किती मऊ, किती गरम, कोणत्या घासानंतर पाणी, हे सगळं ते असं खुणांनी सांगतात. परिचारिका चटकन समजते. काकूंचं वजन थोडं वाढलं आहे.

एकदा काकांना ढास लागली. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, तरी आवाज झालाच. काकू खाता खाता थांबल्या. त्यांनी मान वळवली नाही. समोरच्या परिचारिकेला हळूच विचारलं, "मागे कोण आहे?"

परिचारिकेने त्यांच्या डोक्यावरून काकांकडे पाहिलं. काकांनी हात हलवून नाही म्हटलं.

"कोणी नाही, आजी," ती म्हणाली.

काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि मग तोंड उघडलं.